कृत्रिम कोपर: सांधा धरून कोण ठेवणार आणि त्याचे किती पडणार?

गुडघा बदलायचा म्हटला की अनुभव सांगायला शेजारच्या काकूंपासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत कुणीतरी भेटतेच. कोपर बदललेला माणूस मात्र ओळखीत सहसा सापडत नाही. या शस्त्रक्रियाच गुडघ्याच्या मानाने फार थोड्या होतात, त्यामुळे भाव कुणाला विचारायचा हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न हॉस्पिटलच्या एस्टिमेटचा. त्यावर खोलीचे भाडे, ऑपरेशन थिएटर, सर्जनची फी असे सगळे आकडे मांडलेले असतात आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेले असते, 'इम्प्लांट एक्स्ट्रा'. अनेकदा बिलातला सर्वांत मोठा आकडा नेमका तोच निघतो. या लेखाचा रोख त्या दोन शब्दांवर आहे, कारण सांधा कोणत्या रचनेचा घेतला यावर तो किती स्थिर राहील हे ठरते आणि त्या स्थिरतेचे पैसे आज मोजायचे की दहा वर्षांनी, हेही ठरते.

हा सांधा लागतो कुणाला? पूर्वी मुख्यतः आमवाताच्या, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांना लागायचा. औषधे सुधारली तसे ते प्रमाण घटले. आता दोन गट ठळक दिसतात. एक, पडून कोपराजवळ दंडाच्या हाडाचा चुरा झालेली ज्येष्ठ मंडळी. दुसरा, जुन्या अपघातामुळे कोपर आखडलेले किंवा अगदी खिळखिळे झालेले लोक. पहिल्या गटाबद्दल कॅनडात झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पासष्टीपुढच्या, सांध्यात चुरा झालेल्या रुग्णांमध्ये प्लेट-स्क्रू आणि कृत्रिम सांधा यांची तुलना त्यात होती आणि हाताच्या वापराच्या दृष्टीने सांधा सरस ठरला. प्लेट बसवायला घेतलेल्या दर चार रुग्णांपैकी एकाचे हाड टेबलावरच जुळेना, म्हणून त्याला अखेर सांधाच बसवावा लागला. घरात सत्तरीची आई पडली आणि डॉक्टर म्हणाले, "प्लेट टाकून बघू," तर लगेच विचारा: "नाही जुळले तर सांधा त्याच वेळी तयार असेल का, आणि त्याचा खर्च या एस्टिमेटमध्ये धरला आहे का?" दोन वेळा भूल आणि दोन वेळा थिएटरचे भाडे हा टाळता येण्यासारखा खर्च आहे.

चाळिशीतल्या, कष्टाचे काम करणाऱ्या माणसाला चांगला सर्जन सहजासहजी हा सांधा सुचवणार नाही. त्याच्यासाठी सांधा साफ करणे, आखडलेले वेष्टन सोडवणे, फक्त रेडियस या पुढच्या हाताच्या हाडाचे टोक बदलणे असे पर्याय आधी तपासले जातात. तसे न करता कुणी थेट सांध्यावर आले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. त्या मताची फी या सगळ्या हिशेबात किरकोळ आहे.

बिजागरी, पण थोडी सैल

कोपर दिसायला बिजागरीसारखे. हात दुमडतो, उघडतो, संपले. पण तिथे तीन हाडे भेटतात: दंडाचे ह्यूमरस आणि पुढच्या हाताची अल्ना व रेडियस. दुमडताना सांधा किंचित कडेलाही झुकतो, थोडा पिळतोही. त्याला जागेवर ठेवतात हाडांचे एकमेकांत बसणारे आकार, दोन्ही बाजूंची लिगामेंट्स आणि भोवतीचे स्नायू. आणि भार किती पडतो? हातात एक किलोची पिशवी धरली, तर ती कोपरापासून साधारण ३० ते ३५ सेंटीमीटरवर असते. ती पेलणारा दंडाचा स्नायू मात्र सांध्यापासून जेमतेम ४-५ सेंटीमीटरवर जोडलेला. म्हणजे एका किलोसाठी त्याला सात-आठ किलोंची ओढ लावावी लागते आणि त्यातली बहुतेक ओढ सांध्यावर दाब म्हणून उतरते. कोपर वजन पेलणारा सांधा नाही असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

१९७०च्या दशकात सुरुवातीला जे धातूचे सांधे बसवले गेले ते पक्क्या बिजागरीचे होते. निखळण्याचा प्रश्नच नव्हता. पिनच आरपार होती. पण कडेचा झोक आणि पीळ बिजागरी घेईना, म्हणून ते सगळे बळ सरळ हाड आणि बोन सिमेंट यांच्या सांधणीवर जाऊन पडले. काही वर्षांतच दांडे हाडात ढिले होऊ लागले. अतिस्थिर सांधा हाडातून सुटतो, हा धडा तिथे मिळाला आणि पुढच्या सगळ्या रचना त्या धड्याभोवती फिरतात.

आज सर्जनसमोर ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

पहिली लिंक्ड, म्हणजे जोडलेल्या सांध्याची. दंडातला आणि अल्नातला असे दोन दांडे पिनेने जोडलेले, पण मधल्या प्लास्टिकच्या बुशमध्ये मुद्दाम काही अंशांची ढिलाई ठेवलेली. इंग्रजीत डॉक्टर त्याला 'स्लॉपी हिंज' म्हणतात. अमेरिकेत राल्फ कूनरॅड यांच्या सांध्यात मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मॉरी यांनी बदल केले आणि १९८१पासून कूनरॅड-मॉरी हे नाव जगभर झाले. त्याच्या दंडाच्या भागाला पुढून एक पट्टी असते. तिच्या मागे हाडाचा तुकडा बसवतात, म्हणजे दांडा मागे सरकत नाही आणि पीळही हाडाने वाटून घेतला जातो. लिंक्ड सांध्याची खरी सोय अशी की लिगामेंट्स तुटलेली असोत, कोपराकडची हाडाची टोके चुरा झालेली असोत, सांधा तरीही जागेवर राहतो. चुऱ्याच्या फ्रॅक्चरमध्ये आणि पूर्ण खिळखिळ्या कोपरात म्हणूनच बहुधा हाच वापरला जातो.

दुसरी वाट अनलिंक्ड सांध्याची. दोन्ही भाग एकमेकांवर टेकलेले, मध्ये पिन नाही. ब्रिटनमधला सूटर-स्ट्रॅथक्लाइड, जपानमधला कुडो हे या जातीचे प्रसिद्ध सांधे. सांधा धरून ठेवायचे काम इथे रुग्णाच्या स्वतःच्या लिगामेंट्सना करावे लागते. हाडावरचा ताण कमी, म्हणून दांडे ढिले पडण्याचा धोका कमी असावा, हा हिशेब. पण लिगामेंट कमजोर असले किंवा भाग बसवताना कोन थोडा चुकला, तर सांधा निसटतो. आमवाताच्या रुग्णाची लिगामेंट्स रोगानेच कुरतडलेली असतात, हे लक्षात घेतले की ही वाट का आक्रसत गेली ते कळते.

तिसरी वाट बदलत्या सांध्याची, जशी लॅटिट्यूड या सांध्यात आहे. आधी अनलिंक्ड बसवायचा आणि गरज पडली तर दांडे न काढता वरचे टोपण लावून तो लिंक्ड करायचा. काही रचनांत रेडियसचे टोकही बदलता येते, त्याने कडेची स्थिरता वाढते. कागदावर ही वाट सर्वांत शहाणी दिसते. पण भाग जास्त, किंमत जास्त, आणि बसवणाऱ्याचा हात तितकाच सरावाचा लागतो.

माझे मत विचाराल तर, वय झालेल्या आणि हाड चुरा झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी 'सर्वांत आधुनिक कोणता' यात वेळ घालवू नये. सैल बिजागरीचा, दीर्घ अनुभव असलेला सांधा आणि तो वारंवार बसवणारा सर्जन, एवढे जमले तरी पुष्कळ झाले.

एस्टिमेट कसे वाचायचे

भारतात २०१७च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध दर नियंत्रण संस्थेने, म्हणजे एनपीपीएने, गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमती बांधल्या. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्याला त्या वेळी ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी कमाल मर्यादा ठरली. कोपराला असा बांधलेला दर नाही. आधार आहे तो दोनच गोष्टींचा. खोक्यावर छापलेल्या एमआरपीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, आणि कंपनीला बारा महिन्यांत एमआरपी दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. हा आधार तोकडा आहे, कारण एमआरपी मुळात किती ठेवायची ते कंपनीच्या हातात. वाटाघाटीला जागा आहे ती इथेच. एमआरपी आणि हॉस्पिटलची खरेदी किंमत यांत बरेच अंतर असू शकते. "एमआरपीवर किती कमी होईल?" हे हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला विचारण्यात संकोच नको.

किमतींच्या पायऱ्या ढोबळमानाने दोन. परदेशी बनावटीचे सांधे लाखांच्या पायरीवर. भारतीय बनावटीची सैल बिजागरी हजारांच्या. या दुसऱ्या पायरीमागे कोलकात्याचे अस्थिशल्यविशारद डॉ. डी. पी. बक्षी यांचे काम आहे. त्यांनी इथल्या रुग्णांसाठी सैल बिजागरीचा सांधा विकसित केला आणि अपघातानंतर आखडलेल्या किंवा अस्थिर झालेल्या कोपरांवरचे त्याचे निष्कर्ष १९९८मध्ये 'जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी'च्या ब्रिटिश आवृत्तीत छापून आले. 'बक्षी प्रोस्थेसिस' हे नाव भारतातल्या हाडांच्या डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. तेव्हा स्वस्त म्हणजे टाकाऊ, असे समजून तो पर्याय बाजूला सारू नका. फक्त दांड्यांचे माप, बुशचा दर्जा आणि उत्पादकाचा परवाना यांची चौकशी करा. कुठल्या रुग्णात कोणता हे अर्थातच सर्जनच ठरवणार, पण "दोन्ही पायऱ्यांतले पर्याय आणि त्यांची एमआरपी लिहून द्या" असे सांगण्याचा हक्क तुमचा आहे.

एस्टिमेट हातात आले की इम्प्लांटच्या ओळीखाली काय काय दडले आहे ते मोडून मागा. दांडे, पिन आणि बुश मिळून एक किंमत आहे की वेगवेगळी? बोन सिमेंटची पाकिटे किती, आणि ते अँटिबायोटिक मिसळलेले आहे का? कोपरावर कातडीखाली फारसे मांस नसते, म्हणून जंतुसंसर्गाची भीती इथे गुडघ्यापेक्षा जास्त. अँटिबायोटिक सिमेंटवर काटकसर नको. कंपनीची हत्यारांची पेटी भाड्याने येणार असेल, तर ते भाडे कुणावर? सर्जन अनलिंक्ड बसवणार असेल आणि लिगामेंट्स ऐनवेळी कमजोर निघाली, तर लिंक्डचे भाग टेबलावर हजर हवेत. ते उघडले पण वापरले नाहीत, तर बिलात लागणार का? हा प्रश्न आधी विचारला तर उत्तर सहसा रुग्णाच्या बाजूचे मिळते. डिस्चार्जच्या दिवशी विचारला तर मिळत नाही.

खोलीचे दिवस हा भाग तुलनेने छोटा. गुंतागुंत नसेल तर मुक्काम काही दिवसांचाच असतो. आयसीयू सोडून ५,००० रुपयांवरच्या खोलीला ५ टक्के जीएसटी लागतो. पण खोलीचा खरा फटका विम्यात बसतो.

विमा आणि योजना

बऱ्याच पॉलिसींत खोलीचे भाडे विम्याच्या रकमेच्या एक टक्का इतकेच मंजूर असते. समजा, पॉलिसी ३ लाखांची, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ६,००० रुपयांची खोली घेतली. आता कंपनी फक्त खोलीचा फरक कापून थांबत नाही. सर्जनची फी, भूल, थिएटर हा खर्चही त्याच प्रमाणात अर्धा धरते. तो १,२०,००० असेल तर ६०,००० तुमच्या खिशातून. कोपराच्या रुग्णाला दिलासा एवढाच की विमा नियामकाच्या २०२०च्या नियमांनुसार ही प्रमाणशीर कपात इम्प्लांटला, औषधांना आणि तपासण्यांना लावता येत नाही. दावा निकाली निघाल्यावर कपातीचा तक्ता मागा आणि इम्प्लांटची ओळ तपासा. कापली असेल तर लेखी तक्रार करा.

दुसरी मेख प्रतीक्षा काळाची. सांधेबदलाला बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षे थांबावे लागते, पण 'अपघाताने गरज पडली नसेल तर' अशी सूट त्याच वाक्यात असते. कोपराचे कितीतरी रुग्ण पडूनच आलेले असतात. केसपेपरवर पहिल्याच दिवशी 'घसरून पडल्याने, अमुक तारखेला' असे नीट लिहून घ्या. नुसते 'कोपरदुखी' लिहिलेला पहिला कागद पुढे महिनाभर टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे तपासणाऱ्या मध्यस्थ कंपनीच्या, फेऱ्या मारायला लावतो. काही पॉलिसींत सांधेबदलाला वेगळी कमाल मर्यादाही असते. विम्याच्या एकूण रकमेवर विसंबू नका.

विमा नसेल तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. तिचे कवच कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत वाढवलेले आहे आणि योजना राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी खुली केलेली आहे. तुमच्या निदानाला कोणते पॅकेज बसते, त्यात इम्प्लांटची रक्कम किती धरली आहे आणि त्या रकमेत कोणत्या रचनेचा सांधा येतो, हे तीन प्रश्न अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. शिवाय धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मोठ्या नावाच्या पंचतारांकित दिसणाऱ्या हॉस्पिटलांपैकीही बरीच धर्मादाय म्हणून नोंदलेली आहेत. दर्शनी भाग पाहून माघारी फिरू नका.

घरी आल्यावरचा खर्च

फिजिओथेरपी एस्टिमेटमध्ये क्वचितच असते आणि तिचे दर गावागणिक वेगळे. कोपरामागचा ट्रायसेप्स शस्त्रक्रियेत हाडावरून सोडवला असेल, तर तो जुळेपर्यंत साधारण सहा आठवडे जोर लावून हात सरळ करता येत नाही. तो न सोडवता सांधा बसवण्याची पद्धतही आहे; तुमच्या बाबतीत कोणती, हे विचारून त्याप्रमाणे घरात मदतीला माणूस किती दिवस लागेल त्याचा अंदाज घ्या. बाईंचा उजवा हात असेल तर स्वयंपाकाला, पुरुषाचा असेल तर कामाच्या रजेला पैसे पडतात, असे आपण चटकन म्हणतो. प्रत्यक्षात दोन्ही खर्च दोघांनाही पडतात.

सांधा बसला की बळ नव्हे, पण वापर परत येतो. कोपर ३० ते १३० अंशांपर्यंत हलले की जेवण, केस विंचरणे, फोन अशी रोजची बहुतेक कामे होतात, हे मॉरी यांच्या गटाने १९८१मध्येच दाखवले होते. पण वजनाची बंदी जन्मभराची. सर्वसाधारण सल्ला असा की एका वेळी उचलायचे तर ५ किलोंपर्यंत, आणि पुन्हा पुन्हा उचलायचे तर १ किलोच्या आसपास. एक किलो म्हणजे दुधाची लिटरची पिशवी. पाण्याने भरलेली बादली १५ किलोंची. घरगुती गॅसच्या भरल्या सिलिंडरकडे पाहूही नये. आणि आपल्याकडे जमिनीवरून उठताना हात टेकून शरीर वर ढकलायची सवय असते, ती मोडावी लागते, कारण त्या क्षणी शरीराचा मोठा भार कोपरावर येतो. खुर्ची, उंच पलंग, कमोडला धरायचा दांडा यांची तजवीज शस्त्रक्रियेआधी करा. हातमाग, शेती, हमाली करणाऱ्या माणसाने कामाचे स्वरूप डॉक्टरांना आधीच सांगावे. कदाचित त्याच्यासाठी हा सांधा योग्यच नसेल. आमवातात गुडघेही गेलेले असतील, तर कुबड्यांचा भार कोपरावर येणार, म्हणून आधी पाय की आधी हात हा क्रमही ठरवून घ्यावा लागतो.

दहा वर्षांनंतरचे बिल

लिंक्ड सांध्यात झिजतो तो मुख्यतः बुश. स्कूटरचा मेकॅनिक ज्याला बुश म्हणतो तोच हा, फक्त विशेष पॉलिएथिलिनचा. आमवाताच्या रुग्णांत मेयो क्लिनिकच्या जुन्या नोंदींत दहा-बारा वर्षांनंतरही दहापैकी सुमारे नऊ सांधे टिकले होते. अपघातानंतर सांधा बसवलेल्या तरुण, हाताला विसावा न देणाऱ्या रुग्णांत हे चित्र एवढे चांगले नसते. दांडे हाडात घट्ट असतील आणि नुसता बुश झिजला असेल, तर तेवढाच बदलता येतो. ती तुलनेने लहान शस्त्रक्रिया. दांडा ढिला झाला किंवा संसर्ग झाला, तर सगळे सिमेंट फोडून काढायचे, लांब दांड्याचा सांधा बसवायचा, कधी हाड भरायचे, आणि संसर्ग असेल तर बहुधा हे दोन टप्प्यांत. त्याचा खर्च पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त धरूनच चाला.

म्हणून सांधा निवडताना एक प्रश्न कंपनीच्या प्रतिनिधीला सरळ विचारावा: "दहा वर्षांनी या सांध्याचा बुश मिळेल का?" हा प्रश्न हवेतला नाही. झिमर आणि बायोमेट या कंपन्या २०१५मध्ये एक झाल्या. लॅटिट्यूड काढणारी टॉर्निए त्याच वर्षी राइटमध्ये विलीन झाली आणि २०२०मध्ये राइट स्ट्रायकरकडे गेली. मालक बदलले की काही मॉडेले चालू राहतात, काही बंद पडतात. एका कंपनीचा बुश दुसरीच्या दांड्यात बसत नाही. बुश न मिळाल्यामुळे घट्ट बसलेले दांडेही उपसावे लागणे, हा सर्वांत महागडा आणि सर्वांत टाळण्याजोगा प्रकार आहे.

त्यासाठी शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, माप आणि लॉट क्रमांक असतो. एक स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेले हवे, त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये हवा, आणि इम्प्लांटचे स्वतंत्र बिल फाइलमध्ये. मग वर्षातून एकदा दोन बाजूंनी एक्स-रे, तोही दुखत नसताना. बुशची झीज आणि दांड्याभोवतीची काळी रेघ दुखण्याच्या बरीच आधी फिल्मवर दिसू लागते. दर वेळी मागचा एक्स-रे सोबत न्या. डॉक्टरांना एका फिल्मपेक्षा दोन फिल्मांमधला फरक जास्त सांगून जातो. करंगळीला मुंग्या येणे, हात फिरवताना खरखर किंवा टकटक जाणवणे, जखमेच्या जागी लाली किंवा स्राव दिसणे, यांपैकी काही झाले तर वार्षिक तारखेची वाट पाहू नका. स्राव दिसला तर त्याच दिवशी, आणि ज्यांनी सांधा बसवला त्यांच्याकडेच जा. गल्लीतल्या दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्या परस्पर सुरू केल्या, तर नंतर तपासणीत जंतू सापडणे अवघड होऊन बसते.